एकच जोडी सेफ्टी शूज

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे माझ्या बऱ्याच चुका घरी कुणाला कळत नाहीत. ही एक बाबांना कळली.

मी तेव्हा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचं शिकत होतो. त्याच वर्कशॉपमध्ये दुपारी मोठ्या माणसांसाठी पंपदुरुस्तीचा कोर्स सुरू झाला आणि बाबांनी नाव दिलं. बाबा तलावात मासे धरायचे. पाण्यात उभं राहून गुडघे धरले होते. गावच्या नळयोजनेला पंपचालक हवा होता. ग्रामपंचायतीचं म्हणणं एकच, प्रमाणपत्र आणा. बाबांना ते काम हवं होतं.

सेफ्टी शूज नसतील तर वर्कशॉपमध्ये प्रवेश नाही, असा नियम. आमच्याकडे जोडी एक. सकाळी मी घालायचो, दुपारी बाबा. मला ते बरोबर बसायचे. बाबांना चावायचे.

त्यांच्या परीक्षेच्या दिवशी मी फाटकाशी शूज दिले, त्यांच्या चपला घातल्या आणि कडुनिंबाखाली बसलो. थोड्या वेळाने बघतो तर शूज वर्कशॉपच्या दाराबाहेर, नीट जोडून ठेवलेले. मला वाटलं, चावत असतील म्हणून सरांनी सूट दिली असेल. विचारायला हवं होतं. मी चपला तिथे ठेवल्या, शूज घातले आणि बसस्टँडवर चहा प्यायला गेलो.

आत काय झालं ते बाबांच्या बॅचमधल्या एका काकांनी नंतर सांगितलं. बाबांचा नंबर आला तेव्हा सरांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"भाऊ, शूज कुठी आहेत?"

"बाहेर काढले ना, सर. दसऱ्याले तुमीच या मशीनले हार घातला. तिच्यासमोर जोडे घालून कसा उभा राहू?"

"मग रोज काऊन घालत होते?"

"रोज शिकून राह्यलो होतो. आज परीक्षा हाये."

सर म्हणाले, शूज घालून या, नाहीतर नापास. बाबा बाहेर आले. दारात त्यांच्याच चपला होत्या. सरांनी त्यांचा नंबर शेवटी टाकला.

मी परतलो तेव्हा दारात उभे असलेले सगळे माझ्या पायांकडे बघत होते.

"चहा कसा होता?" बाबांनी विचारलं.

"बरा होता."

"मंग काढ."

शूज घालून बाबांनी मोटारीचा जळलेला कॅपॅसिटर बदलला. पंप सुरू झाला. बाबा पास झाले.

आता मी डिप्लोमाला आहे आणि बाबा पंपचालक. त्यांना त्यांच्या मापाचे शूज घेऊन दिलेत. ते पंपघराच्या दाराबाहेर असतात. हे नियमात बसत नाही, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. बाहेर शूज दिसले की पाणी येणार, हे ओळखून बाया पाण्याचे गुंड-कळशा घेऊन सार्वजनिक नळाकडे निघतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते शूज उचलून आत ठेवले. त्या दिवशी नळ वाहत राहिला आणि पाणी भरायला कुणीच आलं नाही.