तीन देशांचं कोटेशन

कोटेशनसाहेबांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानात घेतली नव्हती. एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. पलंग असो, चादर असो, कापसाचे गठ्ठे असोत, तीन ठिकाणचे भाव लेखी आल्याशिवाय सही नाही. तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडायचे, सगळ्यांत कमी आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची, की झालं काम. ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं नाव त्यांना माहीत होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

ही सवय ऑफिसात ठेवून घरी येता आलं असतं, पण साहेब तसे अर्धवट काम करणारे नव्हते. मुलीच्या शाळेचे बूट घ्यायचे तर तीन दुकानं. तिसरं दुकान दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणून पोरगी पंधरा दिवस चपला घालून शाळेत गेली. त्यांना चिक्कू म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. पैसा सोडायला ते एका पायावर तयार असत. कुणीतरी आपल्याला उल्लू बनवतंय, एवढी एकच भीती त्यांच्या मानेवर कायमची बसलेली होती.

त्यांची बायको शिवणाचा क्लास घेई. घराच्या पुढच्या खोलीत चार मशिनं, भिंतीला टेकवलेलं कापायचं टेबल आणि तीस वर्षांत शिकून गेलेल्या शेकडो मुली. सगळ्या तिला बाई म्हणत, आणि ऐकून ऐकून साहेबही चारचौघांत 'बाई'च म्हणू लागले होते. मासिकांत छापलेले बड्या फॅशनवाल्यांचे कपडे बघून बाई त्यांचे कागदी साचे काढायची आणि मुलींना शिकवायची. असला एखादा कपडा प्रत्यक्ष हातात मात्र कधी आला नव्हता.

साहेब निवृत्त झाले तेव्हा मुलीने दोघांना सहलीला पाठवलं. अकरा दिवस, तीन देश, बरोबर वीस-बावीस लोकांचा गट.

पहिल्याच देशात, मोठमोठ्या दुकानांच्या एका रस्त्यावर, गाइडने दीड तास मोकळा दिला. एका काचेसमोर बाईचे पाय थबकले. ज्या फॅशनवाल्याचे साचे ती वर्षानुवर्षं काढत आली होती, त्याचंच ते दुकान. ती आत गेली, एक जाकीट हातात घेतलं आणि बाही उलटी करून आतली शिवण शोधू लागली. बराच वेळ शोधली, पण एक टाका दिसेना. मग ते अंगात घालून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मला हे हवंय."

चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य साहेबांच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. घराला हवंय, पोरीला हवंय, क्लासला हवंय, असं ती म्हणायची. 'मला' कधी नाही. पण साहेबांच्या हातात तेव्हा जाकिटाला लटकणारी भावाची चिठ्ठी होती आणि डोक्यात गुणाकार चालू होता. त्यांनी फोन काढून चिठ्ठीचा फोटो घेतला.

"घेऊ या की. पण पुढे अजून दोन देश आहेत."

"मला इथे आवडलंय."

"अगं, तेच जाकीट, तीच कंपनी. चिठ्ठीवरचा नंबरसुद्धा तोच असणार. भाव तेवढा देशागणिक बदलतो. बघू तर खरं."

बाईने जाकीट उतरवलं, हँगरला लावलं, त्याची सगळी बटणं एकेक करून लावली आणि ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

तिथून साहेबांना चैन पडेना. खिशातल्या वहीत त्यांनी रकाने आखले: देश, भाव, त्यातला कर, पर्यटकाला विमानतळावर परत मिळणारी रक्कम, आजचा चलनाचा दर, माप, जाकिटाचा नंबर. गाइड राजवाडा दाखवत होता तेव्हा ते त्याला कर किती टक्के परत मिळतो हे विचारत होते. नदीतल्या बोटीवर सगळे फोटो काढत होते आणि साहेब दर दहा मिनिटांनी फोनमध्ये चलनाचा दर बघत होते. तो वर गेला की यांचा चेहरा पडे, खाली आला की उजळे. बसमध्ये बसले तरी पाय हलत. जेवायला बसले तरी अर्ध्या घासावर वही निघे.

दुसऱ्या देशात दुकान सापडायला साडेतीन मैल चालावं लागलं. बाई मुकाट्याने बरोबर चालली. आत गेल्यावर जाकिटांकडे न बघता एका स्टुलावर टेकली.

"घालून बघ ना," साहेब म्हणाले.

"बघितलंय एकदा."

भाव पहिल्यापेक्षा नऊ टक्के जास्त निघाला. साहेब खूश झाले. बाहेर पडताना म्हणालेही, "बघ, मी म्हणत नव्हतो, फरक असतो!" पण कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर त्यांचा चेहरा उतरला. पहिला देश तर मागे राहिला होता. तिसऱ्या देशात याहून महाग असलं तर? हॉस्पिटलात जो हरला तो दुकानदार दुसऱ्या दिवशी परत फोनवर सापडायचा. इथे परत कुठे जाणार? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो बाहेर निघेना. पुढचे चार दिवस त्यांनी काय पाहिलं, हे त्यांना आजही सांगता यायचं नाही.

तिसऱ्या देशातला शेवटचा दिवस उजाडला. चार वाजता हॉटेलवरून विमानतळाची बस निघणार होती. बारा वाजता साहेब म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

"तुम्ही जा. मी सामान भरते."

"अगं, तुझ्यासाठीच चाललोय!"

"माहितीये," बाई म्हणाली आणि बॅगेची चेन ओढू लागली.

साहेब जवळजवळ पळतच गेले. दुकानात शिरले, चिठ्ठी उलटली, वही उघडली. त्यांचा विश्वास बसेना. पहिल्या देशापेक्षा सात टक्क्यांनी कमी, वर परत मिळणारा कर वेगळा. आनंदाने त्यांना कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, पण समोर फक्त दुकानातली विक्रेती होती. त्यांनी वही तिच्यापुढे धरून नंबर आणि माप दाखवलं. तोडक्यामोडक्या भाषेत म्हणाले, "हे. एक. बायकोसाठी."

"छान," ती म्हणाली. "कोणत्या रंगात?"

साहेबांनी वहीत पाहिलं. सात रकाने होते. रंगाचा नव्हता.

विक्रेतीने तीन जाकिटं आणून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. एक गडद हिरवं, एक राखाडी, एक विटकरी. तिन्हींचा नंबर एक, माप एक, भावही एकच. तेहतीस वर्षांच्या नोकरीत असे तीन नग समोर आले नव्हते. पेन्सिलीची रेघ मारायची तरी कशाखाली?

त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. चिठ्ठी आठवली. चिठ्ठीचा दोरा आठवला, काळा, चपटा. आकडा तर पाठच होता. आरसा आठवला, बाईचा आवाज आठवला. जाकीट काही केल्या आठवेना. मग फोटोची आठवण झाली आणि जीव भांड्यात पडला. घाईघाईने फोन काढला, फोटो बोटांनी ताणून मोठा केला. पांढरी चिठ्ठी, तिच्यावरचा भाव, आणि मागे चिठ्ठी पालथी पडू नये म्हणून धरलेला त्यांचा स्वतःचा तळहात.

"रंगाचा आकडा चिठ्ठीच्या मागच्या बाजूला असतो," विक्रेती हळूच म्हणाली.

मागची बाजू कोण बघतो? तिथे भाव नसतो.

त्यांनी मुलीला फोन लावला. "अगं, तुझ्या आईला कोणता रंग आवडतो?"

"बाबा, हे तुम्ही मला विचारताय?"

"घाई आहे गं. सांग ना."

"घरी असते तेव्हा... थांबा हं. पण क्लासच्या उरलेल्या कापडातनं स्वतःचं शिवते ना ती, आवडीचं असं कुठे काय..." मुलगी बोलता बोलता गप्प झाली. मग म्हणाली, "बाबा, आईलाच विचारा."

बाईचा नंबर त्यांनी तीनदा लावला आणि वाजायच्या आत तीनदा कापला. विचारणार काय? तू माझ्यासमोर एवढा वेळ उभी होतीस, तेव्हा काय घातलं होतंस? विचारलं की तिला सगळं कळणार होतं. खरं तर तिला तेव्हाच कळलं होतं, हे साहेबांच्या आता लक्षात येऊ लागलं, आणि ते काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत येरझाऱ्या घालू लागले. हिरवं उचललं, खाली ठेवलं. राखाडी उचललं. विटकरी तोंडाजवळ नेलं, जणू वासावरून ओळखता येणार होतं. विक्रेतीने विचारलं, "त्यांना काय शोभून दिसतं?" लाज वाटून ते इकडेतिकडे बघू लागले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते.

बस सुटायला चार मिनिटं असताना ते रिकाम्या हातांनी, घामाघूम होऊन चढले. बाई खिडकीशी बसली होती. तिने त्यांच्या हातांकडे एकदा पाहिलं.

"महाग निघालं?"

हो म्हणून सुटता आलं असतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही. सगळ्यांत स्वस्त तिथेच होतं," साहेब म्हणाले. "तीन रंग होते. तू कोणतं घातलं होतंस ते मला आठवेना."

बस निघाली. दोन सिग्नल गेले. साहेबांना वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं, निदान समजूत घालता आली असती.

"आणलं नाहीत ते बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्तच लागला. "भलत्याच रंगाचं आणलं असतंत, तर मी तेच घातलं असतं. जन्मभर. आणि तुम्हाला कधी कळलंही नसतं."

कोणता होता, हा प्रश्न साहेबांच्या जिभेवर येऊन बसला, पण तो विचारायचा हक्क आपल्याला उरला नाही, एवढं त्यांना कळत होतं. बाई बाहेर बघत होती. ते तिच्याकडे बघत होते. निळसर सुती कुडता होता तिच्या अंगात, धुऊन धुऊन खांद्यापाशी विटलेला. बाह्यांची पट्टी वेगळ्या कापडाची होती, बारीक ठिपक्यांची. गळ्याजवळची टाचणी ती काढायला विसरली होती.

"काय बघताय?" बाईने मान न वळवता विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले आणि बघत राहिले.