आमच्या घरात बंद पडणारा रेडिओ

रेडिओ दुरुस्त करायला तुम्हाला शिकवलं कुणी, असं कुणी विचारलं की मी दोघांची आठवण सांगतो. एक माझा कॉलेजातला मित्र आणि दुसरी माझी वहिनी. मित्राचं लोकांना पटतं. वहिनीचं नाव काढलं की हसतात, कारण तिनं जन्मात कधी पेचकस हातात धरला नाही. त्यांना हसू द्यावं आणि सगळं पहिल्यापासून सांगावं, एवढंच माझ्या हातात.

आम्ही पूर्णेला राहायचो. आईवडील मी लहान असतानाच गेले. दादानं मला वाढवलं, शिकवलं. तो मालगाडीवर गार्ड होता, त्यामुळं अर्धाअधिक महिना घराबाहेरच. वहिनी येलदरीकडची. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं, आणि हे ती विसरू नये याची जबाबदारी आमच्या आत्यानं उचललेली होती. आत्या म्हणजे वडिलांची विधवा बहीण. पलीकडच्या गल्लीत तिचं घर. रोज दुपारी जेवण झालं की ती आमच्या अंगणात येऊन बसायची आणि निवडायला घेतलेल्या तुरीबरोबर वहिनीलाही निवडायची.

वहिनीला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा तिनं आनंदानं घरात सांगितलं, एकदा तर आत्यानं गल्लीत साखर वाटली, आणि दोन्ही वेळा थोड्याच दिवसांत सगळं ओसरलं. त्यानंतर आत्याचं बोलणं बदललं. हिला माहेरी पाठवून द्या, पुढचं पुढं बघू, असं ती उघड म्हणायला लागली. दादा हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. चाळीस डब्यांची गाडी लाल झेंडी दाखवून थांबवणारा माझा भाऊ आत्यापुढं मात्र बुटाची नाडी बांधत बसायचा.

मी तेव्हा सायन्सला होतो आणि मला रेडिओचं वेड लागलं होतं. घरातल्या ट्रान्झिस्टरला हात लावायची बंदी होती, म्हणून मी बिनसेलचा रेडिओ करायला घेतला. लाकडी फळी, तिच्यावर बांबूच्या पेराला गुंडाळलेली तांब्याच्या तारेची कॉइल, मोडक्या सेटमधून काढलेला स्टेशन लावायचा गँग, एक डायोड आणि नांदेडच्या जुन्या बाजारातला हेडफोन. एवढ्यावर परभणीचं केंद्र ऐकू येतं, असं पुस्तकात लिहिलेलं. फक्त वर उंच एरियल हवी आणि खाली जमिनीत चांगला अर्थ, म्हणजे अर्थिंग, हवा. एरियलची तार मी छपरावरून मागच्या लिंबाला बांधली. अर्थासाठी लोखंडी सळई ठोकायची, तर अंगणभर शहाबादी फरशी. उघडी माती फक्त तुळशीच्या कट्ट्याला लागून होती, रोजचं पाणी ओघळून जायचं तिथं. तिथंच ठोकली.

पहिल्यांदा हेडफोन वहिनीच्या कानाला लावला. ती आधी माझ्याकडं बघत राहिली, मग फळीकडं, मग फळीच्या खाली.

"भाऊजी, ह्यात कुणीतरी बाई बोलायलीय," ती म्हणाली. "आन सेल कुठाय?"

"सेल नाहीच."

"मग बोलायलीय कशावर?"

ह्या प्रश्नानं माझी छाती फुगली.

त्या दिवसापासून दुपारी हेडफोन वहिनीचा झाला. बायकांचा कार्यक्रम लागायचा, गाणी लागायची. कान झाकलेले असल्यामुळं आत्या काय बोलते ते तिला ऐकू यायचं नाही. आत्या चिडायची, पण आपण बोलतो ते ऐकूच जात नाही अशा माणसाशी भांडण तरी किती वेळ करणार. मी केलेल्या वस्तूनं कुणाला तरी तासभर सुख मिळतंय, हे मला पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगतो, त्यानंतर मी पोटासाठी शेकडो रेडिओ उघडले पण तसं वाटलं नाही.

पुढं थंडीत रेडिओ बंद पडला. पार मुका. मी डायोड बदलला. तरी मुका. दोन-तीन दिवस डोक्याला ताप करून घेतला, मग सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओ बोलायला लागला. मी कॉलेजात जाऊन सांगितलं, सांधा कच्चा होता. महिनाभरानं पुन्हा बंद. या वेळी मी कॉइल उलगडून नव्यानं गुंडाळली, एकदा चुकली, पुन्हा गुंडाळली, तोवर रेडिओ चालू. मी म्हटलं, कॉइलमध्येच खोट होती. शिकाऊ माणसाचं असंच असतं. यंत्र आपोआप सुरू होतं आणि शेवटी ज्याला हात लागला असेल त्याला श्रेय मिळतं. पुन्हा बंद पडला तेव्हा मी वैतागून फळी भिंतीवर आपटायला निघालो होतो. वहिनीनं ती हातातून काढून घेतली. बंद रेडिओचाच हेडफोन तिनं कानाला लावला आणि तांदूळ निवडायला बसली. मी म्हटलं, वहिनी, बंद आहे तो. ती म्हणाली, "मला ठाव हाय. आत्याबाईला न्हाई."

आता मित्राचं सांगतो. त्याचे वडील रेल्वेतच होते आणि ते लोक रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे. बौद्ध कुटुंब. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. गावोगावी जाळपोळ झालेली कुणी विसरलं नव्हतं, आणि कॉलेजात एका बाकावर बसणारी पोरंसुद्धा बाहेर एकमेकांना टाळायची. आम्ही टाळलं नाही, कारण रेडिओचं दुसरं कुणी बोलायला नव्हतं. तो घरी आला की आत्या त्याचा चहा वेगळ्या कपात द्यायला सांगायची. वहिनी मान डोलवायची आणि घरातल्याच कपात द्यायची. आमच्या घरात न शिवायच्या गोष्टी फार होत्या, आणि मला त्यांतल्या निम्म्याच ठाऊक होत्या.

मित्रानंही अगदी माझ्यासारखाच रेडिओ केला होता. त्याचा कधीच बंद पडायचा नाही. मला वाटायचं नशीब त्याचं. तो नशीब वगैरे मानणारा नव्हता. पुढच्या वेळी माझा बंद पडला तसं तो म्हणाला, "फळी घे, माज्या घरी चल." त्याच्या क्वार्टरसमोर सार्वजनिक नळापाशी ठोकलेल्या सळईला आम्ही माझा रेडिओ जोडला. खणखणीत चालला. मग त्याचा रेडिओ आमच्या घरी आणून लावला. मुका.

"तुझ्या फळीत काय बी खोट न्हाई," तो म्हणाला. "जे काय हाय ते तुमच्या घरात हाय. उगं सोल्डर करणं सोड."

आयुष्यभर कामाला आलेलं वाक्य आहे ते. यंत्र उघडण्याआधी ते दुसरीकडं लावून बघावं, हे त्यानं मला शिकवलं. पण त्या वेळी मला राग आला. घरात काय असणार? मी एरियल तपासली, तार बदलली, लिंबाची फांदी तोडली. इतक्यात रेडिओ चालू झाला, आणि मी खुशाल ठरवून टाकलं की फांदीच आड येत होती.

गंमत म्हणजे फांदी तोडल्यापासून रेडिओ खरंच बंद पडायचा थांबला. शिमगा गेला, पाडवा गेला, ऊन तापलं, काळ्या मातीला भेगा पडल्या, तरी तो रोज बोलत होता. मी मित्रापुढं शेखी मिरवायची एक संधी सोडली नाही. तो फक्त म्हणायचा, "फांदीनं असं व्हत नसतंय."

मग अक्षयतृतीया आली. वहिनी दरवर्षी सणाला माहेरी जायची, पिशवी घेऊन जायची आणि आठवड्यानं यायची. त्या वर्षी आत्यानं सांगितलं, पत्र्याची पेटीही सोबत द्या. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. दादा तिला येलदरीला सोडणार होता, आणि आणायला कुणी जाणार नव्हतं. मी दादाशी भांडलो. तो म्हणाला, "तू तुझा अभ्यास कर." वहिनीनं पेटी भरली, कुलूप लावलं आणि ओसरीवर आणून ठेवली. ती रडली असती तर बरं झालं असतं, इतकी शांत होती.

दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. मला घरात बसवेना, बाहेरही जाववेना. मित्र वहिनीला भेटायला म्हणून आला होता. आत्या अंगणात होती, दादा ओसरीवर बुटाच्या नाडीपाशी. वहिनी आत भाकरी बांधत होती. काहीतरी करायचं म्हणून मी उगाच रेडिओ लावला आणि मित्राला म्हटलं, बघ, दोन महिने झाले, एकदासुद्धा बंद नाही.

मित्राला तेवढंच निमित्त पुरलं. "बदललं काय, ते बघू," म्हणत तो हेडफोन कानाला लावून फळीजवळ बसला. एरियलची तार काढली, आवाज अगदी बारीक झाला. परत लावली. मग अर्थाची तार काढली. पार मुका, अगदी पूर्वी बंद पडायचा तसा. तो उठून तुळशीपाशी गेला, सळई हलवून बघितली, मातीत बोट घातलं.

"ही माती वली हाय," तो म्हणाला. "पलीकडं बघ, दगडावानी झालीय, भेगा पडल्यात. हितं रोज पाणी पडतंय म्हणून माती सळईला धरून हाय. पाणी थांबलं की माती सुटणार, रेडिओ बंद. म्हंजे आधी मधी मधी पाणी पडायचं थांबत व्हतं. तुळशीला पाणी कोण घालतं?"

"वहिनी."

"मग त्या मधीच दोन-चार दिस कामून थांबायच्या? आन ह्या दोन महिन्यांत कामून थांबल्या न्हाईत?"

त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं. त्याच्या घरी तुळस नव्हती. मी बायकांशिवायच्या घरात वाढलेला. महिन्यातल्या त्या दिवसांत बाईनं देवाला आणि तुळशीला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत आम्हा दोघांनाही माहीत नव्हती. घरात दुसरी बाई नसल्यामुळं वहिनी वेगळी बसायची नाही, चूल सांभाळायची, फक्त तुळस तेवढी टाळायची. मला जे रेडिओच्या पोटात सापडत नव्हतं ते एवढंच होतं.

आत्याला मात्र सांगायची गरज नव्हती. तिच्या हातातलं सूप खाली गेलं आणि तूर फरशीवर पसरली. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"किती दिस झाले?" तिनं विचारलं.

आतून उत्तर आलं, "दोन महिने उलटले."

"आन तोंड शिवलं व्हतं का तुझं?"

"दोनदा सांगून बघितलं की, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "आता टिकल्याबिगर सांगायचं न्हाई असं ठरवलं व्हतं."

मला अजून काही कळलं नव्हतं. मित्रानं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. तो घामाघूम झाला होता. आपण कशाला हात घातला हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

दिवाळीनंतर मुलगी झाली. टिकली, वाढली, आत्यानंच तिला सगळ्यांत जास्त डोक्यावर बसवलं. मी पुढं रेडिओच्या दुरुस्तीवर घर चालवलं. बिघाड शोधायला बसलो की मित्राचा तो प्रश्न विचारतो, बदललं काय. त्याचे उपकार माझ्यावर आहेत, आणि मी ते त्याला तोंडावर सांगितलेलेही आहेत. त्यावर तो म्हणतो, मी तर फक्त अर्थ बघत होतो.

पण त्या दुपारचा सगळ्यांत मोठा प्रश्न त्याचा नव्हता.

आत्या बाहेर आली आणि दादाला म्हणाली, "पेटी आत ठेव." तिचा आवाज मऊ झाला होता, डोळ्यांना पदर लागला होता. दादा पेटी उचलायला वाकला. तेवढ्यात वहिनी दारात आली आणि म्हणाली, "थांबा."

दादा थांबला.

"आन हे बी न्हाई टिकलं तर?" तिनं विचारलं.

आत्या म्हणाली, "अभद्र बोलू न्हाई गं." वहिनीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती दादाकडं बघत होती. एक हात चौकटीला धरलेला, दुसऱ्यात तशीच ती भाकरीची शिदोरी. गाडीची वेळ अजून गेली नव्हती, आणि तिला जायचं असतं तर ती गेली असती.

दादानं या वेळी बुटाकडं बघितलं नाही.

"तरी बी," तो म्हणाला. मग आत्याकडं वळला. मी त्याला आत्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलताना तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. "तरी बी ही हितंच राहणार हाय, आत्या."

वहिनीनं चौकटीवरचा हात काढला आणि पेटीला आत जायला वाट दिली.