सेंट मोनन्सचा खडक

क्रेलच्या बंदरावर बसमधून उतरलो आणि मुलीचा हट्ट वाया गेला नाही, असं वाटलं. ती इथे स्कॉटलंडमध्ये नोकरीला; त्या दिवशी कामावर होती, म्हणून आम्ही नवरा-बायको दोघंच निघालो. "फाइफचा किनारा बघितल्याशिवाय जबलपूरला जाऊ देणार नाही," म्हणाली होती. लाल कौलांची घरं, उतरत्या दगडी गल्ल्या, धक्क्यावर रचलेली क्रील (खेकडे धरायचे सापळे). जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात जन्म काढलेल्या मला समुद्र ठाऊक होता तो सिनेमातला.

अँस्ट्रदरला हॅडक मासा आणि बटाट्याचे तळलेले काप खाल्ले. बायकोने, सुधाने, एक घास घेतला आणि गुपचूप पिशवीतून लसणाची चटणी काढली.

पुढचं गाव सेंट मोनन्स. तिथलं जुनं दगडी चर्च अगदी समुद्राला टेकून उभं. सुधाचा गुडघा दुखत होता. तिला खाली, पाण्यापासून बरंच लांब, एका सपाट खडकावर बसवलं आणि मी वर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. आम्ही नर्मदेकाठची माणसं. पाऊस नाही तर पाणी चढेल कशाला?

चर्चमध्ये छताला टांगलेलं छोटं जहाज बघत रमलो. बाहेर आलो तर खडक नाही! तिथे नुसतं पाणी. "सुधा! सुधा!" ओरडत उतारावरून धावलो.

"काहून ओरडून राहिले? इकडे आहो मी!"

वरच्या भिंतीवर सुधा बसली होती, हातात वाफाळता चहा. शेजारी थर्मास घेतलेली एक गोरी आजी आणि एक भलंमोठं ओलं कुत्रं.

"भरती येतेय म्हणून मी केव्हाची हाका मारत होते," आजी हसत इंग्रजीत म्हणाल्या, "यांनी मला हात जोडले आणि बसून राहिल्या. शेवटी कुत्र्याला सोडलं."

"कुत्रं आलं अंगावर, मग काय, पळाली मी," सुधा म्हणाली. "गुडघा गेला खड्ड्यात."

मी मटकन खाली बसलो. हसू आणि रडू एकदमच आलं. जन्मभर कुत्र्यांना भिणाऱ्या माझ्या बायकोचे मी मनोमन आभार मानले.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी ग्वारीघाटला गेलो. नर्मदा शांत, आभाळ निरभ्र. सुधा खालच्या पायरीवर टेकली. मी चहा आणायला उठलो, दोन पावलं गेलो आणि परत फिरलो.

"काहून आले? चहा आणून राहिले होते ना?"

"तू पण चल," मी हात पुढे केला.

"अहो, इथं पाणी नाही चढत!" ती हसली. पण उठली.