आत्याचा दिवा आणि माझं बटण

आता माझी फजिती माझ्याच तोंडानं ऐका. चहा तेवढा गार होऊ देऊ नका.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी कोल्हापूरचा बेने इस्रायली, म्हणजे आपला मराठी ज्यू. जाईन तिथं लोक विचारायचे, "म्हंजे नेमकं कोण?" म्हटलं, थांबा, डॉक्युमेंटरीच काढून दाखवतो! लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा मागून आणला. ऐट काय विचारता!

फिल्मचा सगळा जीव एका शॉटमध्ये होता. माझी राहेलआत्या शुक्रवारी दिवस मावळताना शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावते, तो. आणि शुक्रवार एकच उरला होता. बुधवारी आत्या कायमची लेकाकडं इस्रायलला निघाली होती.

तिची अट होती, "प्रार्थना संपली की तुझं यंत्र बंद. मग शब्बाथ लागतो."

मी बटण दाबलं. आत्यानं डोक्यावर पदर घेतला, दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? प्रार्थना संपली तसं इमानदारीत बटण दाबलं आणि कॅमेरा खांद्याला अडकवला.

पण पदर मध्ये आला असेल तर? राहवेना. म्हटलं, "आत्या, जरा विझवून परत लाव की!"

शेजारच्या हौसाक्का दूध घालायला आल्या होत्या. त्यांनी चरवी खाली आदळली.

"इझवून? आरं शब्बाथ लागला की! आता इझवायचं न्हाय, पेटवायचं न्हाय. तू ह्यांच्यातलाच न्हवं?"

"आहे की."

"मग मला म्हशीवालीला ठावं हाय, आन् तुला न्हाय? तीस वर्सं शनवारी हिचं लाइटीचं बटन मीच दाबतोय!"

आत्या हसून हसून खाली बसली. "हौसे, मी गेल्यावर ह्याला शिकव गं." आणि दोघी गळ्यात पडून रडायलाच लागल्या.

रविवारी टेप लावली. दिव्याचा पत्ताच नाही! कॅमेरा आधीपासूनच चालू होता. पहिल्यांदा दाबल्यावर तो बंद पडला आणि 'बंद' केल्यावर चालू झाला! टेपवर माझे दोन पाय, नव्या चपला आणि दोघींचे आवाज.

घाबरत आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या मनानं बंदच केलावतास ना? मग दाखव."

शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. चपला बघत बघत लोक हसले, मग डोळे पुसले. "नेमकं कोण" असं कुणी विचारलं नाही. माझी छाती ही एवढी फुगली! तसाच हौसाक्कांकडं गेलो. "बघितलंसा? बटण चुकलं, पण फिल्म झाली!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "तीस वर्सांत माझं येकदाबी चुकलं न्हाय. फुडच्या पिच्चरला बटन माझ्याकडं दे. तू निस्ता पाय दावत हुबा ऱ्हा."