नंबराला इस्त्री

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही आणि मॅडमला तर नाहीच. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढं करमाडला जावं लागायचं आणि मुलीला एकटीला करमाडला कोण पाठवणार.

पुंडलिकनगरात आमचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका बंगल्याच्या कंपाउंडला टेकून टाकलेला पत्रा, त्याखाली टेबल, टेबलावर घोंगडी आणि घोंगडीवर चादर. नवरा शेंद्र्याला एका कंपनीत पॅकिंगला जातो, सुट्टीच्या दिवशी तेवढा हात लावतो. बाकी चौदा वर्षं त्या टेबलाशी मीच उभी आहे. उभं राहून राहून पायाच्या शिरा फुगल्या. पोटऱ्यांवर निळा दोरा गुंतल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, पळा, काहीही करा, पण एका जागी उभ्या राहू नका. मी बरं म्हणाले, घरी आले आणि दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभी राहिले.

पळायला लागले ते कुत्र्यांमुळं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मॅडम राहतात, बँकेत आहेत. त्या पहाटे पळायला जायच्या. एकदा कुत्री अंगावर आली तेव्हापासून एकटीनं जायची त्यांना भीती वाटायला लागली. कपडे द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ताई, तुम्ही लवकर उठताच, काठी घेऊन माझ्याबरोबर याल का. मी गेले. त्या पुढं आणि मी काठी घेऊन मागं, सलवार-कुर्ता आणि ओढणी कमरेला. पहिल्या आठवड्यात लोक बघायचे आणि मला जमिनीत शिरावंसं वाटायचं. नवरा म्हणाला, "गिऱ्हाईक पैसे बुडवून पळालं का काय, म्हणून मागं लागती?" मी तशीच काठी घेऊन निघाले. मला बोलायला सुचत नाही, तो माझा जन्माचा स्वभाव आहे.

पण पाय हलके झाले. रात्री पोटऱ्या ठणकायच्या, ते कमी झालं. काठी कधी घरी राहायला लागली ते माझं मलाच कळलं नाही. वर्षभरात मॅडमबरोबर चौदा-पंधरा किलोमीटर जायला लागले. रविवारी त्यांच्या ग्रुपच्या पाच-सहा बायका असायच्या. सगळ्यांचे कपडे माझ्याकडंच येतात. त्या गप्पा मारत पळायच्या, मी शेवटी.

मग एका नोकरीचं निघालं. मॅडमच्या ओळखीचे एक सचिव आहेत, त्यांच्या संस्थेचं मुलींचं क्रीडा वसतिगृह आहे. तिथं एक बाई पाहिजे होती. पहाटे मुलींना उठवायचं, मैदानावर न्यायचं, त्यांच्याबरोबर फेऱ्या मारायच्या, दिवसा त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. राहायला खोली. मला हे ऐकून रडूच आलं, कारण त्यात उभं राहणं नव्हतं. मुलींबरोबर पळायचं आणि मग बसायचं. पण सातवी पास पाहिजे होती आणि वय चाळिसाच्या आत. मी एकोणचाळीस वर्षांची होते. मॅडमनी सचिवांकडं शब्द टाकला. ते म्हणाले, शिक्षणाचं मी कमिटीत बघतो, पण दाखवायला कागद पाहिजे. आपल्या शहरातली हाफ मॅरेथॉन तीन तासांच्या आत पूर्ण केल्याचं, तिचं नाव आणि वेळ असलेलं प्रमाणपत्र आणा, बाकी माझ्यावर सोडा.

एकवीस किलोमीटर. मॅडमनी फॉर्म भरला. दोन महिने आम्ही नेटानं पळालो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मॅडम बँकेतून परस्पर जाऊन सगळ्यांची पाकिटं घेऊन आल्या. माझं पाकीट टेबलावर ठेवलं, स्कूटी चालूच होती. म्हणाल्या, नंबर नीट सांभाळा, उद्या छातीवर लावायचा. आणि गेल्या. पाकिटात टी-शर्ट, चार पिना आणि नंबराचा कागद. तो कागद मधोमध दुमडलेला होता आणि वर टी-शर्ट दाबून भरल्यामुळं चुरगळला होता. त्यावर माझं नाव होतं, इंग्रजीत. लेकीनं वहीत लिहून दाखवलं होतं तसंच, पहिलं अक्षर मला ओळखता येतं.

इतक्या मोठ्या कार्यक्रमात माझं नाव छापलेलं, आणि ते चुरगळलेलं छातीवर लावून जायचं? मी इस्त्रीवाली आहे. दुसऱ्यांचे शर्ट कडक करून देते. मी टी-शर्टला इस्त्री केली, मग नंबर चादरीवर पालथा ठेवला, वर ओलं फडकं टाकलं आणि हलक्या हातानं इस्त्री फिरवली. मागच्या बाजूला फोमसारखी एक लांबट पट्टी चिकटवलेली होती. मला वाटलं पाकिटात कागद मोडू नये म्हणून लावली असेल. पट्टीवर इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलं होतं. फडकं उचललं तर पट्टी वितळून कागदाला बसली होती आणि खालचा एक कोपरा आकसून तांबूस झाला होता.

चौदा वर्षांत माझ्या हातून कापड जळलेलं नाही. सिल्क, नेट, जरी, कोणाचंही काहीही. हीच तर माझी ओळख आहे. लोक गल्लीतली दोन दुकानं सोडून माझ्याकडं येतात. मी ती पट्टी नखानं खरवडून काढून टाकली. कोपरा तेवढा राहिला. म्हटलं, वरून ओढणी घेईन, कोण बघतंय.

रविवारी सकाळी साडेपाचला गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर पोचलो. एवढी माणसं, एवढे दिवे, वर गाणी. मी ओढणी छातीवरून आडवी बांधली, नंबर अर्धा झाकला. मॅडम म्हणाल्या, ओढणी काढा, फोटो येणार नाहीत. मी म्हणाले, असू द्या. सुरुवातीच्या रेषेवर जमिनीवर एक चटई अंथरली होती, तिच्यावरून माणूस गेला की बारीक टीं टीं वाजत होतं. हजार पाय एकदम पडत होते. कोणाचं वाजलं, कोणाचं नाही, कसं कळणार.

पहिले दहा किलोमीटर मी कोणाकडं बघितलंच नाही. जालना रोड सकाळचा रिकामा असतो हे मला माहीत होतं, पण सगळा रस्ता आपल्यासाठी मोकळा ठेवलाय हे पहिल्यांदा बघितलं. चौकात पोलीस गाड्या अडवून उभे. एका ठिकाणी शाळेच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, एक म्हणाली, "काकू, लई भारी पळताय." चिकलठाण्याच्या पुढं वळायचं होतं. तिथंही चटई होती. वळताना वाटलं, हाच रस्ता सरळ करमाडला जातो.

परत येताना ऊन लागलं. सतराव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. मी थांबले, रस्त्याच्या कडेला वाकले. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ मागून आले, त्यांनी मला संत्र्याची फोड दिली.

"बसू नका बाई. बसलात की संपलं. पाय उचलू नका, नुसते सरकवा."

मी सरकवले. मनात एकच, वसतिगृहाची ती खोली. ती मी बघितलीही नव्हती, पण तिथं खुर्ची आहे एवढं मी ठरवून टाकलं होतं. कमानीखालून गेले तेव्हा वर मोठं घड्याळ होतं. दोन तास एक्कावन्न मिनिटं. आकडे मला वाचता येतात. कोणीतरी गळ्यात मेडल घातलं. मी गवतावर बसले. पिना टोचत होत्या म्हणून नंबर काढला आणि तो जळका कोपरा कोणाला दिसू नये म्हणून घडी करून टी-शर्टच्या आत, सलवारच्या नाडीत खोचला. आयुष्यात इतकी खूश मी लेक झाली तेव्हाच होते.

मॅडम माझ्या वीसेक मिनिटं आधी आल्या होत्या. मोबाईल बघत बघत माझ्याकडं आल्या. सगळ्यांची वेळ मोबाईलवर आली होती, माझी नव्हती. माझ्या नावापुढं, मी सुरुवातच केली नाही, असं लिहून येत होतं. त्या म्हणाल्या, घाबरू नका, होतं असं कधीकधी. नंबराच्या मागं पट्टी असते ना, त्यात चिप असते, चटईवरून गेलं की तीच वेळ पकडते. तुमची खराब निघाली असेल.

माझा हात टी-शर्टवरून नाडीत खोचलेल्या नंबरावर गेला.

"नंबर कुठंय तुमचा?" त्यांनी विचारलं.

"पडला वाटतं, मॅडम."

मी विचार करून बोलले नाही. तोंडातून निघालं.

"पडला? कुठं?"

"पिना निघाल्या. वाऱ्यानं गेला. चिकलठाण्याकडं."

त्या मला हाताला धरून वेळेच्या टेबलाकडं घेऊन गेल्या. ग्रुपमधल्या तिघी पळाल्या होत्या, त्याही आल्या. टेबलावर एक गृहस्थ लॅपटॉप घेऊन बसले होते. मॅडम त्यांच्याशी जोरात बोलायला लागल्या, की तुमच्या यंत्रानं एका बाईची मेहनत वाया घालवली. ते गृहस्थ शांत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, चिप खराब असली तर काही अडचण नाही. फक्त नंबर दाखवा. चिप बंद आहे हे मला दिसलं की मी व्हिडिओत तुम्हाला शोधतो आणि वेळ हातानं टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे."

नंबर माझ्या पोटाला लागून होता. घामानं चिकटला होता. हात घालायचा आणि काढून टेबलावर ठेवायचा, एवढंच.

मी त्या तिघींकडं बघितलं. एकीच्या मुलीच्या लग्नाच्या साड्या माझ्याकडं होत्या. आता कागद उलगडला की तांबूस कोपरा दिसणार, वितळलेला डाग दिसणार, आणि सगळ्यांना एका क्षणात कळणार की इस्त्री फिरवली आहे. त्या हसतील. वाईट मनानं नाही, पण हसतील. आणि मॅडम, ज्या माझ्यासाठी भांडत होत्या, त्यांना कळेल की मी आत्ताच त्यांच्याशी खोटं बोलले.

"नाही माझ्याकडं," मी म्हणाले.

ते म्हणाले, मग अवघड आहे. वळणावरच्या चटईवरही नोंद नाही, हातात नंबर नाही, मधूनच कोणी आत शिरलं असंही असू शकतं, तुमच्याबद्दल म्हणत नाही, पण नियम सगळ्यांना सारखा. मॅडम म्हणाल्या, मेडल आहे की तिच्या गळ्यात. ते म्हणाले, मेडल जो येईल त्याला घालतात.

घरी आल्यावर मी नंबर काढला. फाडायला गेले तर फाटेना. तो कागद फाटत नाही. कात्रीनं बारीक तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकले.

मॅडमनी हार मानली नाही. त्यांनी शर्यतवाल्यांना दोन-तीन पत्रं पाठवली. उत्तर इंग्रजीत आलं, ते त्यांनी मला मराठीत सांगितलं. अर्थ तोच. मग मला घेऊन सचिवांकडं गेल्या. मी मेडल पिशवीत घेतलं होतं. सचिवांनी ते हातात घेऊन बघितलं, परत दिलं. चांगले गृहस्थ होते, चहा पाजला. म्हणाले, मी आठ दिवस थांबतो. ते दहा दिवस थांबले. मग वैजापूरकडची कोणी बाई घेतली, सातवी पास. तिला पळता येतं का हे मला माहीत नाही. परत जागा निघाली तरी माझा उपयोग नाही, चैत्रात मला चाळिसावं संपतं.

नवऱ्याला मी सांगितलं, यंत्र बिघडलं. तो म्हणाला, "यंत्राला बी आपलंच घर सापडतं." त्यानंच त्या खोलीसाठी पडदे बघून ठेवले होते, हे मला नंतर लेकीनं सांगितलं.

पळणं मी सोडलं. मॅडमना म्हणाले, गुडघा दुखतो. हे त्यांच्याशी दुसरं खोटं. पळताना मॅडम रोज नंबर उडवणाऱ्या त्या वाऱ्याबद्दल बोलायच्या, ते मला सोसेना. आता त्यांनी एक कुत्रं पाळलं आहे, ते घेऊन जातात.

परवा त्या आणि ग्रुपमधली एक नवी बाई कपडे घ्यायला आल्या. नवीला मॅडम माझी गोष्ट सांगत होत्या. त्यात आता मी नंबराच्या मागं रस्ता ओलांडून धावले होते आणि पोलिसांनी मला मागं ओढलं होतं. नवी बाई म्हणाली, अरेरे. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "किती वाईट वाटलं असेल हो तुम्हाला." मी मान हलवली.

"पुढच्या वर्षी मी स्वतः तुमचा नंबर टी-शर्टला शिवून देणार," मॅडम म्हणाल्या. "मग बघू कुठं उडतोय ते."

"व्हय मॅडम," मी म्हणाले.

त्या गेल्या. बारा शर्ट आणि दोन साड्या बाकी होत्या. मी टेबलाखाली एक वीट आणून ठेवली आहे. एक पाय तिच्यावर ठेवायचा, दुखायला लागला की दुसरा. तसं केलं की संध्याकाळपर्यंत निभावतं.