फुली दिसेनाशी होईपर्यंत

आमच्या ताईला शाळेतल्या पोरी फुलीबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि आतून आवडतंही. रसायनशास्त्र शिकवते ती. रासायनिक क्रिया किती वेगाने होते ते मोजायचं, तर तिचा लाडका प्रयोग फुलीचाच. कागदावर पेन्सिलीने फुली काढायची, त्यावर काचेचा चंबू ठेवायचा, चंबूत हायपोचं, म्हणजे फोटो धुवायला वापरायचे त्या क्षाराचं, पाणी. वरून आम्ल ओतलं की ते पाणी हळूहळू गढूळ होत जातं आणि खालची फुली दिसेनाशी होते. ओतल्यापासून फुली जाईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा. पाणी कोमट असलं तर फुली लवकर जाते, हायपो पातळ केला तर उशिरा. झालं एवढंच, पण पोरी त्या चंबूवर अशा ओणवतात की एकीचं डोकं दुसरीवर आपटतं.

मी तिची धाकटी बहीण, त्याच शाळेच्या ऑफिसात बसते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

एकदा ताई म्हणाली, "गेली फुली, घड्याळ थांबवा." तर एक पोरगी म्हणाली, "बाई, मला अजून दिसतेय." दुसरीलाही दिसत होती. असं दोन-तीनदा झालं आणि ही गोष्ट शाळाभर झाली. पोरींचा काही दोष नाही, दिसत होती तर त्या काय करणार? पण स्टाफरूममधल्या मंडळींच्या तोंडाला जी चव आली म्हणता, विचारू नका.

ताईची नजर जातेय हे घरात फक्त मला माहीत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हळूहळू जाणार, थांबवता येणार नाही. मी तिला म्हटलं होतं, "रजा घे, घरी बस." तर म्हणाली, "घरी बसून काय करू, भिंतींशी गप्पा मारू?" तिच्याशी वाद घालायचा म्हणजे डोकं फोडून घ्यायचं.

शेवटी मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घाबरट. म्हणाले, "बाई, राग मानू नका. आम्लाचं काम आहे. उद्या कुणाच्या अंगावर सांडलं तर? प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या नव्या सरांकडे द्या, तुम्ही वर्गात फळ्यावर शिकवा."

"किल्ली देणार नाही," ताई म्हणाली. "माझं मोजमाप चुकतं असं तुमचं म्हणणं आहे ना? मग चला, मोजू."

मुख्याध्यापक सर आले, नवे सर आले, आणि मी फाइल घेऊन उगाचच मागोमाग गेले. पोरी बाकांवर चढून बघत होत्या. ताईने आधी प्रयोग त्या दोघांनाच करायला लावला. थंड चंबू नव्या सरांनी उभ्याउभ्याच पाहिला नि फुली जरा पुसट होताच "गेली" म्हणाले. तेवढ्यात त्यांना फोन आला नि ते बाहेर पळाले, म्हणून कोमट चंबू सरांनी घेतला. चष्मा लावून, नाक चंबूला टेकवून म्हणत बसले, "आहे अजून, आहे अजून." शेवटी हिशेब काय निघाला, तर कोमट पाण्यातली क्रिया थंड पाण्यापेक्षा सावकाश होते. मी फाइल तोंडावर धरून हसले. कुणी बघितलं असेल तर बघो.

मग दोन्ही चंबू ताईने स्वतः पाहिले, आणि नंतर तेच दोन्ही एका चांगल्या नजरेच्या पोरीने. ताईचे आकडे दोन्ही वेळा पोरीपेक्षा कमी आले. पण कोमट पाण्यात वेळ निम्म्यावर येतो, हे दोघींचंही सारखंच निघालं.

"माझा डोळा अधू आहे, मान्य," ताई म्हणाली. "पण दोन्ही वेळा तोच अधू डोळा आहे. एक चंबू एकाने बघायचा आणि दुसरा दुसऱ्याने, असा वेग मोजत नसतात, सर."

मग सरांनी आम्लाची बाटली उचलून तिच्यासमोर धरली. "बाई, यावरचं वाचा बघू."



"नाही वाचता येत," ताई म्हणाली. आवाज जराही खाली आला नाही. "म्हणून माझ्या तासाला लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय एकही बाटली उघडत नाही. एक वाचते, दुसरी तपासते, मग ओततात. नव्या सरांच्या तासाला कोण वाचतं, विचारा."

पोरी फिदीफिदी हसल्या. सर मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "पण असं किती दिवस चालेल, बाई?"

"तेच तर मोजतेय. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी हाच प्रयोग माझ्यापुरता करते. तोच हायपो, तेच आम्ल, पाणी तेवढंच गरम. तरी दर महिन्याला फुली थोडी लवकर जाते. बाकी सगळं तेच आहे म्हटल्यावर बदललं काय, ते तुम्हीच सांगा. ज्या दिवशी आम्ल ओतायच्या आधीच फुली दिसणार नाही, त्या दिवशी किल्ली मी स्वतः तुमच्या टेबलावर आणून ठेवीन. त्याआधी मागायला यायचं नाही."

सर गेले, पोरी गेल्या. मला भयंकर राग आला होता. एकाच घरात राहतो आम्ही, आणि ही बाई एकटी इथे उभी राहून स्वतःचा अंधार मोजते, मला एका शब्दाने न सांगता.

"आलीच आहेस तर फुली काढून दे," ताई म्हणाली. "आज पहिला सोमवार आहे."

मी पेन्सिल घेतली आणि दाबून, गिरवून, चांगली काळीकुट्ट फुली काढली.

"पेन्सिल किती करकरतेय. पूस ती. नेहमीसारखी फिकट काढ."

"काय बिघडलं जाड काढली तर? दोन महिने जास्त मिळतील तुला."

"ते दोन महिने खोटे असतील गं."

मी फुली पुसली. नेहमीसारखी फिकट काढली, चंबू त्यावर ठेवला आणि बाटलीवरचं लेबल तिला मोठ्याने वाचून दाखवलं.