उन्हात धरलेला फोटो
प्रिंटरमध्ये नवी काळी शाई भरली की तिच्या ओल्या वासाबरोबर मला हिर्डोशीची ती म्हातारी आठवते. भोरच्या स्टँडसमोरचं माझं फोटोचं दुकान तेव्हा नवीन होतं. भाताच्या खाचरात साप चावून तिचा नवरा गेला होता, आणि दहाव्याला ठेवायला त्याचा तरुणपणचा काळा-पांढरा फोटो तिला मोठा करून हवा होता. नुसत्या काळ्या शाईत छापला की चेहऱ्यावर बारीक दाणे उठत, म्हणून मी सगळे रंग मिसळून काळा करायची सेटिंग ठेवली. ट्यूबलाइटखाली फोटो गुळगुळीत, सुरेख दिसला. ती तो घेऊन पायरीवर उन्हात गेली आणि तिथंच थबकली. परत आत येऊन हळू म्हणाली, "बाबा, मालक ह्यात हिरवं दिसत्यात. इख चढल्यावर असंच झालं हुतं." दुकानात चार गिऱ्हाईकं होती. मी म्हणालो, "आजी, फोटो काळा-पांढराच आहे. मोतीबिंदू झालाय तुम्हाला, आधी डोळे दाखवा." कुणीतरी हसलं. "आसंल," म्हणत तिनं फोटो पदराखाली घेतला. ती गेल्यावर मी चाचणीसाठी काढलेला तसलाच दुसरा प्रिंट उन्हात धरला. मिसळलेल्या रंगांमुळे उन्हात चेहरा शेवाळासारखा हिरवा दिसत होता. समोर तिची एसटी अजून उभी होती, खिडकीत ती दिसत होती. मी आत आलो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवलं. आता मी प्रत्येक प्रिंट आधी उन्हात नेऊन बघतो. गिऱ्हाईकं एकमेकांना सांगतात, माणूस कामाला लई चोख हाय.